हातकणंगले तालुक्यातील संध्याकाळ : भजनाच्या ठेक्यापासून तमाशाच्या फडापर्यंत

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील हातकणंगले तालुका ऊस, यंत्रमाग आणि हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखला जातो. दिवसभर राबणाऱ्या या तालुक्यात दिवेलागणीनंतर माणसे कोठे जमतात, काय ऐकतात आणि त्यासाठी पैसे कोण मोजतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मोठ्या शहरांतील करमणूक पब, मल्टिप्लेक्स आणि मॉलमध्ये बांधलेली असते. या भागातील जिवंत संगीताला असे कायमचे घर नाही. ते देवळाच्या मंडपात, यात्रेच्या माळावर, कुस्तीच्या मैदानात आणि काही थोड्या नाट्यगृहांत पंचांगाप्रमाणे फिरत असते. श्रोत्याला ते बहुतेक वेळा फुकट मिळते. कलावंताला मात्र त्यातून वर्षभराची भाकरी मिळेलच, अशी खात्री नसते. तालुक्यातील व लगतच्या परिसरातील सायंकालीन करमणुकीचे प्रमुख प्रकार, त्यांची पार्श्वभूमी आणि त्यांना लागू असलेले नियम यांचा हा आढावा.

तालुका आणि त्याचे घड्याळ

उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा अशा दोन नद्यांच्या दरम्यानचा हा सुपीक पट्टा. हातकणंगले गाव कोल्हापूर-सांगली रस्त्यावर आणि मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर असून कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग तालुक्यातील किणी, वाठार आणि शिरोली या गावांवरून जातो. इचलकरंजी हे तालुक्यातील सर्वांत मोठे शहर. २०२२ मध्ये तेथे महानगरपालिका झाली.

येथील संध्याकाळ कामाच्या वेळेवर ठरते. इचलकरंजीतील यंत्रमाग पाळ्यांत चालतात, त्यामुळे दिवसपाळीचा कामगार घरी परतत असतो तेव्हा रातपाळीचा कामगार डबा घेऊन निघालेला असतो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतही हेच चित्र दिसते. गावाकडे धारा काढून, दूध डेअरीला घालून आणि जेवण उरकूनच माणूस मोकळा होतो. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू असताना तर रात्रीही ऊसवाहतूक थांबत नाही. म्हणूनच या भागातील पारंपरिक करमणूक जेवणानंतर सुरू होणारी आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी होती. पुढे आलेल्या ध्वनिनियमांचा फटका तिला का बसला, हे यावरून समजते.

पेला वेगळा, गाणे वेगळे

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः आयर्लंडमध्ये, संध्याकाळचे संगीत आणि मद्यपान एकाच छताखाली नांदते. तेथील क्लेअर परगण्यातील डूलिन हे छोटे गाव केवळ पबमध्ये रंगणाऱ्या लोकसंगीताच्या बैठकांमुळे जगभर ओळखले जाते. याच परगण्यातील मिलटाउन मॅलबे येथे १९७३ पासून दर उन्हाळ्यात लोकसंगीताची शाळा भरते. मात्र आयर्लंडमधील हे संगीतही मुळात पबमधील नव्हे. पूर्वी ते शेतकऱ्यांच्या घरांत आणि चव्हाट्यावर वाजत असे. सार्वजनिक नृत्यासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा १९३५ मध्ये तेथे आला, घरगुती नाचगाण्यांवर गदा आली आणि पुढच्या काही दशकांत वादकांनी पबचा आसरा घेतला. गाणे कोठे वस्तीला जाईल हे कायदाही ठरवतो, याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

आपल्याकडे या दोन गोष्टींचे मार्ग निराळे राहिले. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ हाच आजच्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचा पाया आहे. त्यानुसार मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, आणि हॉटेलवरील 'परमिट रूम' ही पाटी त्यातूनच आली. विदेशी मद्यासाठी २५ वर्षे, तर बिअर व वाइनसाठी २१ वर्षे वय पूर्ण असावे लागते. तालुक्यातील रस्त्यांवर परमिट रूम आहेत, परंतु तेथे चारचौघांनी सहकुटुंब जाऊन गाणे ऐकावे, अशी पद्धत रुजली नाही. बार आणि संगीत हे शब्द राज्यात एकत्र उच्चारले की डान्स बारचा वाद आठवतो. २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती अवैध ठरवली. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या कायद्यातील अनेक अटीही न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केल्या. या साऱ्यात बारमधील संगीताला प्रतिष्ठा मिळण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

महामार्गालगतच्या दारूविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये निर्बंध घातले. १ एप्रिल २०१७ पासून महामार्गापासून ५०० मीटरच्या आतील दुकाने व परमिट रूम बंद झाली. लहान लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर ठेवण्यात आले, तर शहरी हद्दीबाबत न्यायालयाने नंतर सवलत दिली. गावातील महिलांना मतदानाने दारू दुकान बंद करण्याचाही मार्ग राज्यात उपलब्ध आहे. 'उभी बाटली' आणि 'आडवी बाटली' या चिन्हांवर होणारे हे मतदान ग्रामीण महाराष्ट्राला चांगलेच परिचयाचे झाले आहे.

पेल्याभोवती गप्पांचा अड्डा जमावा, तर कोल्हापूरने त्यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. शहरातील गंगावेस येथील दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला हातात दिला जातो. तालमीतून आलेले पैलवान, नोकरदार, व्यापारी असे सारेच तेथे उभ्याने दूध पितात आणि गावच्या राजकारणापासून फुटबॉलपर्यंतच्या चर्चा झडतात.

भजन आणि सोंगी भजन

गावातील सर्वांत नेमाने होणारे जिवंत संगीत म्हणजे भजन. एकादशी, गुरुवार, श्रावणातील सोमवार किंवा हरिनाम सप्ताह असे निमित्त असते. पखवाज, टाळ, वीणा आणि पेटी एवढ्यावर मंडळी रात्रीचे काही तास सहज रंगवतात. येथे श्रोता आणि कलावंत असा भेद फारसा राहत नाही. दिवसा ट्रॅक्टर चालवणारा तरुण रात्री पखवाजावर बसतो आणि त्याचा हात कोणत्याही संगीत विद्यालयात न जाता तयार झालेला असतो.

याच परंपरेतून सोंगी भजन पुढे आले. अभंग-गौळणींच्या जोडीला पात्रे सोंगे घेऊन उतरतात. देवादिकांच्या कथांबरोबर सावकार, व्यसनी नवरा, फसवा पुढारी अशी गावातील माणसे दिसू लागतात आणि हशा पिकतो. कोल्हापूर, सांगली भागात यात्रा-उरुसाच्या काळात सोंगी भजनांच्या स्पर्धा भरतात. खर्च कमी, कलावंत गावातलेच आणि प्रेक्षकांत बायका-मुलेही असतात. हा प्रकार टिकून राहण्यास एवढी कारणे पुरेशी आहेत.

पट्टणकोडोलीचा ढोल

तालुक्यातील सर्वांत भव्य नादसोहळा पट्टणकोडोली येथे होतो. येथील विठ्ठल-बिरदेवाच्या ऑक्टोबरच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेला महाराष्ट्रासह कर्नाटक व अन्य राज्यांतूनही धनगर समाज लोटतो. भंडाऱ्याच्या उधळणीने देऊळ, रस्ते आणि माणसे पिवळी होऊन जातात. भंडाऱ्याबरोबर खोबरे आणि लोकरही उधळली जाते. फरांडे बाबांचे हेडाम आणि त्यानंतर पाऊसपाणी, पीक, राजकारण यांविषयी होणारी भाकणूक हा यात्रेचा मुख्य भाग. तो दिवसा होत असला तरी ढोलांचा घुमारा रात्रीही सुरू राहतो.

धनगरी ढोल मोठा, दोन्ही तोंडांचा आणि घुमणारा असतो. त्याच्या जोडीला कैताळ म्हणजे मोठ्या झांजा असतात. ढोलाच्या ठेक्यावर रुमाल उडवत होणारे गजीनृत्य पाहण्यासारखे असते. ओवीची बैठक याहून वेगळी. बिरोबाच्या जन्माची, मेंढपाळांच्या भटकंतीची लांबलचक कथा 'सुंबरान' मांडून गायली जाते. एक जण गातो, बाकीचे साथ धरतात, मध्येच गद्य निवेदन येते आणि कथा तासन् तास पुढे सरकत राहते. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर (१९३४-१९९२) यांनी धनगरांच्या दैवतांचा आणि ओव्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला व हे मौखिक धन जगातील विद्वानांपुढे नेले. लिहून न ठेवलेल्या या ओव्या गाणाऱ्याबरोबरच जातात, हे लक्षात घेतले तर त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे मोल कळते.

हलगी, घुमकं आणि कुस्ती

कोल्हापूरच्या कुस्तीला स्वतःचे पार्श्वसंगीत आहे. गावच्या यात्रेतील कुस्ती मैदान दुपारनंतर सुरू होते, दिवे लागेपर्यंत मोठ्या जोडी आखाड्यात उतरतात आणि त्या वेळी हलगी, घुमकं व कैताळ यांचा कडकडाट टिपेला पोहोचतो. वादक कुस्तीचा रंग पाहून लय वाढवतो. पकड घट्ट झाली की ठेका दाट होतो. पैलवानाला इनाम मिळते, तसे हलगीवाल्यालाही प्रेक्षकांतून नोटा मिळतात. हे वादन परंपरेने मातंग आणि अन्य दलित समाजातील कुटुंबांनी जपले. हलगी तापवण्यासाठी कागद किंवा पाचट पेटवून चामडे ताणून घेण्याची क्रिया आजही मैदानाच्या कडेला दिसते, जरी अनेकांनी आता प्लास्टिकचे पान बसवले असले तरी.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाणाऱ्या सासनकाठ्यांपुढेही हलगी-पिपाणी असते. लग्नाची वरात, बैलांची मिरवणूक आणि निवडणुकीचा विजय यांतही हलगीला मागणी आहे. असे असूनही वादकाच्या वाट्याला वर्षातून मोजकेच महिने काम येते.

तमाशा : गणापासून वगापर्यंत

रात्रीच्या करमणुकीचा राजा म्हणजे तमाशा. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग हा त्याचा पारंपरिक क्रम. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांची साथ असते. मोठ्या ताफ्यासह गावोगाव फिरणारा ढोलकी-फडाचा तमाशा आणि थिएटरात प्रामुख्याने लावणी सादर करणारी संगीत बारी, असे त्याचे दोन मुख्य प्रकार मानले जातात.

दसऱ्यानंतर फड बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखातील यात्रांत हंगाम ऐन भरात येतो. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन 'सुपारी' ठरवतात. हातकणंगलेच्या शेजारी, सांगली जिल्ह्यातील कवलापूर हे तमाशाचे मोठे गाव. शिवा-संभा कवलापूरकर यांचा फड आणि पुढे काळू-बाळू या जुळ्या भावांची जोडी येथलीच. दोघांच्या दिसण्यातील साम्यातून निर्माण होणाऱ्या घोटाळ्यांवर त्यांनी महाराष्ट्र हसवला. याच परिसराने तमाशाला साहित्यातही नेले. कागलचे आनंद यादव यांची 'नटरंग' ही कादंबरी शेतमजुराच्या तमाशावेडाची शोकांतिका सांगते. तीवरील चित्रपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला.

करोना साथीमुळे २०२० आणि २०२१ असे दोन्ही हंगाम बुडाले. यात्रा रद्द झाल्या, तंबू गुंडाळले गेले आणि अनेक कलावंतांना शेतमजुरीकडे वळावे लागले. साथ ओसरल्यावर यात्रा पुन्हा भरल्या, पण त्यांत ऑर्केस्ट्रा आणि ध्वनिमुद्रित गाण्यांवरील नृत्याचे कार्यक्रम अधिक दिसू लागले. अशा कार्यक्रमांना लावणीचे नाव दिले जात असले तरी त्यात ढोलकीपटू नसतो आणि बसून अदा करणारी गायिकाही नसते.

बैठकीचे गाणे आणि नाट्यगृहे

इचलकरंजीचे नाव हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांच्यामुळे कोरले गेले आहे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. इचलकरंजी संस्थानाने त्यांना आश्रय दिला. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि दरबारातले गाणे सामान्य माणसाच्या मुलांपर्यंत नेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) राहिले. त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका घडल्या. तिकडे मिरजेत अब्दुल करीमखाँ होते. म्हणजे हातकणंगलेच्या रेल्वे स्थानकावरून पूर्वेला जा अथवा पश्चिमेला, दोन्हीकडे थोर गायकी होती. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या देवल क्लबने ही बैठकीची परंपरा पुढे चालवली.

शाहू महाराजांनीच उभारलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झाले. कोल्हापूरचे सुपुत्र व 'ललितकलादर्श'चे संस्थापक संगीतसूर्य केशवराव भोसले (१८९०-१९२१) यांचे नाव त्याला पुढे देण्यात आले. शेजारीच खासबाग कुस्ती मैदान आहे. एका बाजूला नाटक आणि दुसऱ्या बाजूला कुस्ती, अशी ही रचना कोल्हापूरच्या आवडीचे नेमके दर्शन घडवते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. पुनर्बांधणीचे काम नंतर हाती घेण्यात आले, परंतु जिल्ह्यातील हौशी नाट्यसंस्थांना आपले सर्वांत आपुलकीचे घर त्या रात्री गमवावे लागले. इचलकरंजीत श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या नावाचे नाट्यगृह असून नाटके व सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी तालुक्याला त्याचा आधार आहे.

स्त्रियांची संध्याकाळ

कट्टा, परमिट रूम आणि तमाशाचा फड ही परंपरेने पुरुषांची ठिकाणे. स्त्रियांच्या वाट्याला आलेली करमणूक सणांनी आखून दिलेली होती. नागपंचमीचे झोके, गौरीच्या रात्री रंगणारा झिम्मा-फुगडीचा फेर आणि त्यांतील सासर-माहेरची गाणी हे त्यांचे हक्काचे जिवंत संगीत. त्याला तिकीट, मंच किंवा ध्वनिक्षेपक लागत नाही. नवरात्रात दांडियाचे कार्यक्रम शहरांबरोबर मोठ्या गावांतही होऊ लागले आहेत. नाटक, भजन आणि कीर्तन येथे मात्र सारे कुटुंब एकत्र बसते. त्यामुळे नाट्यगृह बंद पडते किंवा देवळातील कार्यक्रम कमी होतो, तेव्हा स्त्रियांच्या संध्याकाळी अधिक सुन्या होतात.

रात्री दहाची रेघ

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही या नियमाच्या कक्षेत आली. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देता येते. ते दिवस आधी जाहीर होतात आणि गणेशोत्सव, नवरात्र अशा मोठ्या सणांतच बहुतांश खर्ची पडतात. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आवाज आतच राहत असेल तर, ही वेळेची बंदी लागू होत नाही.

आजारी माणूस, अभ्यास करणारी मुले आणि पहाटे कामावर जाणारा कामगार यांच्यासाठी हा नियम आवश्यक आहे, याबद्दल दुमत असू नये. परंतु त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याला छप्पर आहे त्याचे नाटक रात्री साडेबारापर्यंत चालू शकते. उघड्या माळावरच्या तमाशाला मात्र दहालाच थांबावे लागते. जेवणानंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या खेळाला दोन तास उरले की आधी वग कापला जातो, कारण तो लांब असतो. मग गण-गौळणही आटोपशीर होते. उरतात ती गाणी आणि नाच. वगातील सोंगाड्या, खलनायक, राजा ही पात्रे करणाऱ्या नटांची गरजच त्यामुळे कमी होते.

विसंगती अशी की, हा नियम ज्या गोंगाटाला आळा घालण्यासाठी हवा होता, तो गोंगाट दहाच्या आत मनसोक्त होतो. या भागात 'डॉल्बी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भिंतीएवढ्या ध्वनियंत्रणांनी मिरवणुकांतील झांजपथक, लेझीम, बेंजो आणि हलगी यांची जागा बळकावली. डॉल्बीमुक्त गणेशोत्सवासाठी पोलिस व सामाजिक संस्थांनी वेळोवेळी मोहिमा राबवल्या. काही मंडळांनी त्यांना प्रतिसाद देत धनगरी ढोल व पारंपरिक वाद्ये परत आणली. एका डॉल्बीच्या भाड्यात वादकांचे एक पथक पोसले जाऊ शकते, हा त्यातील व्यवहार मंडळांनी समजून घेण्यासारखा आहे.

पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा

या सर्व प्रकारांत तिकीट विकून चालणारे प्रकार थोडेच आहेत. बाकी सारे वर्गणीवर, म्हणजे गावाच्या सामूहिक निर्णयावर अवलंबून असते. यात्रा कमिटीच्या बैठकीत कुस्त्यांना किती, तमाशाला किती, फटाक्यांना किती हे ठरते आणि त्या वर्षीचे संगीत तेथेच निश्चित होते. गरीब-श्रीमंत सर्वांना एकाच माळावर बसून गाणे ऐकता येते, ही या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू. कमिटीने मत बदलले की एखादी कला एका वर्षात गावाबाहेर जाते, ही तिची दुबळी बाजू.

यावर उपाय अवघड नाहीत. खेळ रात्री नऊऐवजी सायंकाळी सहाला सुरू केला, तर वगासह पूर्ण तमाशा दहाच्या आत बसू शकतो. त्यासाठी गावाने आपले जेवणाचे वेळापत्रक एका दिवसापुरते बदलायला हवे. मोठ्या गावांतील सांस्कृतिक भवने केवळ लग्नसमारंभांसाठी न ठेवता सोंगी भजन, ओवी आणि लावणीच्या बैठकींना माफक भाड्यात दिली, तर नियमही पाळला जाईल आणि कलेला छप्परही मिळेल. यंदाच्या यात्रेची वर्गणी मागायला कमिटी दारात येईल, तेव्हा पावती घेताना 'वाजवायला कोण आहे' एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येक वर्गणीदाराला आहे.